घरातलं एकमेव मत

अमेरिकेतल्या निवडणुकांची सर्वांत जास्त काळजी जगात कोणी केली असेल, तर ती आमच्या साडूंनी. हे विधान मी पूर्ण विचारांती करतो आहे. खुद्द अमेरिकेतली बरीच माणसं म्हणे मतदानाच्या दिवशी आपापल्या कामाला निघून जातात आणि संध्याकाळी टीव्हीवर नुसता निकाल बघतात. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा साडूंना जेवण गेलं नव्हतं. स्वतः ते अमेरिकेला कधी गेले नव्हते, जायची फारशी इच्छाही नव्हती. ते राहत मस्कतला, दार्सैतमध्ये, कृष्ण मंदिराच्या चढावरच्या एका जुन्या इमारतीत. नोकरी एका मोठ्या हॉटेलात चिलर सुपरवायझरची, म्हणजे अख्खं हॉटेल गार ठेवण्याची. आणि नात्याने ते माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी तेव्हा रुवीत एका विमा कंपनीत होतो. दर शुक्रवारी सकाळी आम्ही नवराबायको त्यांच्याकडे पोहे खायला जायचो, आणि पोह्यांबरोबर फ्लोरिडा, ओहायो वगैरे जे काही पानात पडेल ते मी मुकाट्याने गिळायचो.

या वेडाचं मूळ हवामानात होतं, असं माझं मत आहे. भारतातल्या मोठ्या निवडणुका येतात एप्रिल-मेमध्ये. नेमका तेव्हाच मस्कतचा सूर्य पेटायला लागतो, आणि त्या दिवसांत चिलरवाल्याने रजा मागणं म्हणजे मुहूर्ताच्या वेळी भटजीने सुट्टी मागण्यासारखं. साडू मिसरूड फुटायच्या वयात गुहागरकडचं आपलं गाव सोडून आखातात आले, आणि तेव्हापासून एकही निवडणूक त्यांना गाठता आली नाही. परदेशातल्या भारतीयांनाही मतदार म्हणून नाव नोंदवता येणार, असं जाहीर झालं तेव्हा त्यांनी मजल्यावरच्या सगळ्यांना जिलेबी वाटली. मग कळलं की नाव नोंदवता येतं, पण मत द्यायला गावच्या शाळेतच हजर राहावं लागतं. तोवर जिलेबी संपली होती. याउलट अमेरिकेची निवडणूक नोव्हेंबरात. तेव्हा मस्कतची हवा सुधारते, चिलर अर्ध्या ताकदीवर चालतात आणि सुपरवायझरला खुर्चीत बसून विचार करायला सवड मिळते. आयुष्यभर साठलेली मतदानाची भूक साडूंनी मग अमेरिकेवर भागवली.

घरात मत दिलेलं माणूस एकच, आमच्या ताई, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती. त्यांनी लग्नाच्या थोडं आधी माहेरी मत दिलं होतं, आणि ती शाई इतकी पक्की की लग्नाच्या फोटोत हळदीच्या हातावर काळा डाग स्पष्ट दिसतो. तो फोटो दिवाणखान्यात लावलेला होता. पाहुण्यांचं लक्ष नेहमी ताईंच्या शालूकडे जायचं आणि साडूंचं त्या बोटाकडे. अमेरिकेत बोटाला शाई लावत नाहीत, हे कळल्यावर त्यांनी मला मुद्दाम ऑफिसात फोन केला.

"मग मत दिलं हे कळतं कसं?" मी हातातलं काम चालू ठेवून विचारलं.

"स्टिकर देतात. शर्टाला लावायचा."

"सफरचंदाला लावतात तसा?"

"तसाच," ते म्हणाले, आणि फोन ठेवला.

एका शुक्रवारी त्यांनी आम्हाला अमेरिकेची मोजणी समजावून द्यायचं मनावर घेतलं. टेबलावर वाट्या मांडल्या. प्रत्येक वाटी म्हणजे एक राज्य आणि शेंगदाणे म्हणजे मतं. भाजलेले शेंगदाणे एका उमेदवाराचे, कच्चे दुसऱ्याचे. ज्या वाटीत ज्याचे शेंगदाणे जास्त, ती अख्खी वाटी त्याची. इथपर्यंत मला समजलं. मग त्यांनी सगळे शेंगदाणे एकत्र केले तर भाजलेले जास्त भरतात आणि वाट्या मात्र कच्च्यांच्या जास्त, असं करून दाखवलं आणि कच्चे निवडून आले असं जाहीर केलं. मी म्हटलं, म्हणजे ज्याला जास्त शेंगदाणे तो हरला? ते म्हणाले, हरला. माझी बायको म्हणाली, "भावोजी, मग शेंगदाणे मोजायचे कशाला? नुसत्या वाट्याच मोजा की." तेवढ्यात ताई आतून आल्या आणि चिवड्यासाठी म्हणून टेक्सास उचलून घेऊन गेल्या. त्यानंतर निकाल काय लागला, हे आजतागायत आम्हा कोणालाच सांगता येणार नाही.

पण त्यांना खरी खटकायची ती वेगळीच गोष्ट. या एवढ्या मोठ्या देशात निवडणूक घेणारं एक असं कार्यालयच नाही. जिल्ह्याजिल्ह्याची रीत निराळी. कुठे पेनाने गोल भरायचा, कुठे पडद्याला बोट लावायचं, कुठे सगळं टपालाने. साडू म्हणायचे, "आमच्याकडे तीन चिलर आहेत, तिन्ही वेगवेगळ्या कंपन्यांचे. पण थर्मामीटर तरी एकच आहे ना? यांचा थर्मामीटर पण जिल्ह्यागणिक वेगळा." आणि तरीही, हा माणूस त्या व्यवस्थेची बाजू घेऊन भांडायचा. प्रत्येक पाइपाला कुठे ना कुठे गळती असते असं मानणं हा त्यांचा धंदाच होता. त्यांच्या भाषेत त्याला 'लीकेज' म्हणत. ते म्हणायचे, लीकेज असतंच, प्रश्न एवढाच की ते शोधायला कोणी बसलंय का. अमेरिकेत म्हणे बसलेले असतात, दोन्ही पक्षांचे, एकाच टेबलाशी.

त्यांच्या हाताखाली खाबुऱ्याचा एक ओमानी ऑपरेटर होता. मजलिसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या निवडणुकीला तो आपल्या गावी जाऊन मत देऊन आला, तेव्हा साडूंनी त्याला कामावर पाऊल टाकू दिलं नाही, दारातच गाठलं.

"वोट गिना कौन?" त्यांनी विचारलं.

"जिसका काम है, वो गिना."

"तुमने देखा?"

"मैं वोट दिया, खलास. घर गया, खाना खाया," तो म्हणाला आणि आपल्या चिलरकडे गेला. साडू पुढचे कित्येक दिवस त्याच्याकडे कुतूहलाने बघत होते. मत दिल्यावर माणसाला जेवण जातं कसं, हे त्यांना उमगत नव्हतं.

संध्याकाळची त्यांची बैठक हमरियातल्या एका चहाच्या दुकानाबाहेर भरायची. तिथे त्यांचा मुख्य विरोधक म्हणजे हॉटेलच्या बेकरीतला पास्कल, मूळचा वसईचा. पास्कलचं जगाविषयीचं तत्त्वज्ञान एका शब्दात बसायचं. "साहेब, सगळं सेटिंग असतं," तो म्हणायचा. क्रिकेटमध्ये सेटिंग, लॉटरीत सेटिंग, तर मतमोजणीत का नसणार? साडू समजावून थकायचे. "अरे बाबा, मोजताना दोघांचीही माणसं समोर असतात. सेटिंग करायची तर त्या दोघांना आधी एकत्र यावं लागेल. आणि ते दोघे एकत्र येत असते, तर निवडणूक कशाला घेतली असती?" यावर पास्कल आणखी एक चहा मागवायचा. मी दोघांचंही ऐकायचो आणि दोघांचंही पटायचं. घरी येताना डोक्यात नुसता गोंधळ असायचा.

आता त्यांची आणखी एक तऱ्हा सांगायला हवी. साडू सही मराठीत करायचे. बँकेत, रहिवासी कार्डाच्या कचेरीत, पाण्याच्या बिलावर, सगळीकडे. एकदा काउंटरवरच्या ओमानी बाईंनी कागद उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला आणि विचारलं, "ये क्या है? अरबी नहीं, इंग्लिश नहीं." साडू म्हणाले, "मेरा नाम है." बाई हसल्या आणि शिक्का मारून मोकळ्या झाल्या. साडूंनी आपल्या मुलाला, निखिलला, अशीच मराठी सही शिकवली. मुलगा इंग्रजी शाळेत जाणारा, मित्रांशी इंग्रजीत बोलणारा. मराठी वाचताना चढावर सायकल मारल्यासारखा धापा टाकायचा. धडे, निबंध, शुद्धलेखन यांचा नाद साडूंनी पुढे सोडला, पण सही सोडली नाही. ताटात रवा पसरायचा आणि बोटाने 'निखिल' लिहून घ्यायचं. "आधी अक्षरं, मग छप्पर," ते सांगायचे. शिरोरेघेला ते छप्पर म्हणत. "भिंती उभ्या नाहीत आणि छप्पर घातलंस, तर राहील का?" मराठीत न अडखळता लिहिता येणारी निखिलची एवढी एकच गोष्ट होती. पुढे तो शिकायला अमेरिकेला गेला, तिथेच नोकरी, तिथेच लग्न, आणि यथावकाश तिथला नागरिकही झाला. इतर आईबाप अशा वेळी थोडे हळवे होतात. साडूंनी विचारलं, "मतदार म्हणून नाव घातलंस का?"

तर ही सोळा सालची गोष्ट. निखिल ज्या राज्यात होता ते पश्चिम किनाऱ्यावरचं. तिथे मतपत्रिका घरी येते, ती भरून लिफाफ्यात घालायची, लिफाफ्यावर सही करायची आणि पाठवून द्यायची. शिवाय आपली मतपत्रिका कुठवर पोचली, हे इंटरनेटवर बघता येतं. त्यासाठी नाव आणि जन्मतारीख घातली की पुरतं. साडू म्हणाले, दोन्ही गोष्टी माझ्याकडूनच तर गेल्यात त्याच्याकडे. झालं, रोज सकाळी आंघोळीनंतर देवाला नमस्कार आणि मग ते पान. नोव्हेंबरात तिकडची घड्याळं तासाभराने मागे जातात, आणि मग मस्कतच्या आणि निखिलच्या घड्याळाचे काटे अगदी एकाच जागी येतात, फक्त इकडे सकाळ असली की तिकडे रात्र. साडूंना याचं फार अप्रूप. "आत्ता त्याचे पण आठ वाजलेत," असं ते चहा पिताना स्वतःशीच म्हणायचे.

निकालाच्या दिवशी त्यांनी रजा टाकली होती. निकाल काय लागला ते जगाला माहीत आहे. शेंगदाणे एकाचे जास्त आणि वाट्या दुसऱ्याच्या, असं खरोखरच घडलं आणि वाट्यांचा तो प्रयोग अचानक सगळ्या हमरियाला समजावून सांगायची पाळी त्यांच्यावर आली. पण त्यांचं त्यात लक्ष नव्हतं. पुढे काही दिवसांनी, एका संध्याकाळी, त्यांचा फोन आला: ताबडतोब या. गेलो, तर ते कॉम्प्युटरसमोर बसलेले. पडद्यावर निखिलच्या नावापुढे लिहिलं होतं की मतपत्रिका मिळाली आहे, पण लिफाफ्यावरची सही नोंदीतल्या सहीशी जुळत नाही, म्हणून मत मोजलेलं नाही. मतदाराला कळवलं आहे. ठरलेल्या मुदतीत त्याने पुन्हा सही करून पाठवावी.

साडूंनी निखिलला फोन लावला. तिकडे सकाळ होती, तो ऑफिसला निघत होता.

"हो बाबा, आलंय ते लेटर. इट्स फाइन. रिझल्ट लागला ना आता. आणि आमच्या स्टेटचं तसंही आधीच ठरलेलं असतं. एका व्होटने काय होणार आहे?"

"निकाल लागला. मोजणी कुठे संपली?"

"पण उपयोग काय त्याचा?"

साडूंनी खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाले, "हे बघ, मी आयुष्यात एकदाही मत दिलेलं नाही. तुझ्या आईने दिलं ते लग्नाआधी. आपल्या घरात चालू असलेलं मत एकच आहे. तेवढं मोजलं जाऊ दे."

मग साडूंनी विचारलं, "पण सही जुळली का नाही?"

निखिल जरा चाचरला. मतदार म्हणून नाव घातलं तेव्हा त्याने मराठी सही केली होती. पण तिकडे कुरिअरवाला फोन पुढे करतो, दुकानात पडदा असतो, त्यावर बोटाने सही करायची, मागे रांग उभी. अशा घाईत वेलांट्या आणि छप्पर कोण काढत बसणार? एक वेडीवाकडी रेघ ओढून मोकळं व्हायची सवय लागली आणि लिफाफ्यावरही तीच ओढली गेली. "सॉरी बाबा. आता ती मराठी सही मला येते की नाही, तेच माहीत नाही," तो म्हणाला.

साडू "बरं" म्हणाले, फोन ताईंच्या हातात दिला आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. मी त्यांच्या शेजारी उभा राहिलो. मला त्यांचं फार वाईट वाटलं. खाली मंदिरातून येणारी माणसं टॅक्सीची वाट बघत होती. थोड्या वेळाने साडूच म्हणाले, "लीकेज कुठंय ते कळलं." दुसऱ्या दिवशी हमरियात ही बातमी माझ्याच तोंडून फुटली. पास्कलने नेहमीसारखं 'सेटिंग' म्हणायला तोंड उघडलं, साडूंचा चेहरा पाहिला आणि नुसता चहा मागवला.

शुक्रवारी आम्ही पोह्यांना गेलो, तेव्हा घरात मोहीम सुरू झाली होती. रात्रभर विचार करून निखिलने कळवलं होतं की ठीक आहे, सही करून पाठवतो. इंटरनेटवरचे व्हिडिओ कॉल मस्कतला तेव्हा धड लागत नसत, म्हणून बोललेले निरोप आणि फोटो यांची देवघेव चालली होती. कपाटात निखिलच्या जुन्या पासपोर्टची प्रत होती, त्यावर त्याची ती सही स्वच्छ दिसत होती. ताई म्हणाल्या, "अहो, याचा फोटो पाठवा आणि मोकळे व्हा."

"अजिबात नाही," साडू म्हणाले.

"का पण?"

"बघून काढली तर ती नक्कल. त्याची सही त्याला आली पाहिजे."

मी विमा कंपनीतला माणूस. सह्यांच्या भानगडी मला माहीत होत्या. मी म्हटलं, सही त्याचीच आहे, बघितली तर काय बिघडलं? साडूंनी माझ्याकडे असं पाहिलं की हातातला पोह्यांचा चमचा मी खाली ठेवला. "साडूभाऊ, हमरियात मी इतकी वर्षं बोलतोय. आता माझ्याच घरातून लीकेज होऊ देऊ?"

निखिलचा पहिला प्रयत्न आला. तो दोरीवर कपडे वाळत घातल्यासारखा दिसत होता. साडूंनी फोन तोंडाजवळ धरून निरोप दिला, "आधी छप्पर घातलंस. आधी अक्षरं." दुसरा आला, त्यात वेलांटी चुकीच्या बाजूला होती. तिसऱ्यात 'ख'चे दोन तुकडे झाले होते. ताई उठून आत गेल्या. माझी बायको म्हणाली, "भावोजी, पोराला बिचाऱ्याला सकाळी ऑफिसही असेल." साडूंनी डोळे मिटले, मग पुन्हा फोन तोंडाजवळ धरला. "निखिल, घरात रवा आहे का?"

त्याचा आवाज आला, हसरा आणि गोंधळलेला. "रवा? बाबा, पॅनकेकचं पीठ आहे."

"चालेल. ताटात पसर आणि बोटाने काढ. बघू नकोस, काढ."

मग बराच वेळ काही आलं नाही. पोहे गार झाले. ताई बाहेर येऊन दारात उभ्या राहिल्या. मला कळत नव्हतं की आम्ही एवढे श्वास रोखून कशाची वाट बघतोय. तिकडे राष्ट्राध्यक्ष कधीच ठरला होता, आणि इथे चार मोठी माणसं एका ताटातल्या पिठाची वाट बघत बसली होती. शेवटी फोन वाजला. फोटोत एक पांढरं ताट होतं आणि पिठात बोटाने लिहिलेलं 'निखिल'. छप्पर शेवटी घातलेलं, आणि लहानपणी जायचं तसंच अक्षरांच्या पुढे भरपूर लांब गेलेलं. साडूंनी तो फोटो मोठा करून पाहिला, ताईंना दाखवला, चष्मा काढून पुसला. "आली," ते म्हणाले. त्यानंतर निखिलने कागदावर सही केली आणि पाठवून दिली.

काही दिवसांनी मला ऑफिसात फोन आला. "मोजलं," एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला. संध्याकाळी हमरियात सगळ्यांना त्यांच्यातर्फे चहा होता. पास्कलने कप उचलला आणि सहज विचारलं, "पण साहेब, पोराने मत दिलं कोणाला?"

साडूंना या प्रश्नाचं खरोखरच आश्चर्य वाटलं. "ते मी कसं विचारणार? ते गुप्त असतं."

म्हणजे ज्या मतासाठी या माणसाने जिवाचं रान केलं, ते कोणाला पडलं हेच त्याला ठाऊक नव्हतं. त्यांच्या नावडत्या उमेदवारालाही पडलेलं असू शकतं. यावर मी पुष्कळ विचार केला आहे आणि दर वेळी गोंधळून सोडून दिला आहे.

एकोणीस सालच्या सुरुवातीला साडू निवृत्त झाले आणि ताईंना घेऊन गावी गेले. दार्सैतच्या त्या फ्लॅटमध्ये नवीन कुटुंब आलं. आम्ही शुक्रवारी घरीच पोहे करू लागलो, पण ते नुसते पोहे असायचे, त्यांत फ्लोरिडा नसायचा. मग एप्रिलमध्ये एके दिवशी त्यांनी फोटो पाठवला. फोटोत दुसरं काही नव्हतं, एक बोट होतं आणि त्यावर काळी ओली शाई. मी लगेच फोन केला.

"अभिनंदन," मी म्हटलं. "मोजतील ना नीट? बघायला काही पान वगैरे आहे का?"

"नाही हो. बटण दाबलं, चिठ्ठी दिसली, खाली पडली. संपलं." ते हसले. "त्या खाबुऱ्यावाल्याची आठवण झाली. मत दिलं, घरी आलो आणि जेवलो. व्यवस्थित गेलं जेवण."

मग निखिलची चौकशी झाली. बोटाचा फोटो त्यालाही पाठवला होता, पण तिकडे मध्यरात्र उलटून गेलेली, त्यामुळे उत्तर आलं नव्हतं.

"मस्कतला एक बरं होतं, साडूभाऊ," ते म्हणाले. "नोव्हेंबर आला की पोराचं आणि माझं घड्याळ एक व्हायचं. इथून कधीही बघा, अर्धा तास उरतोच."